कपावरचं नाव

आदिलाबादच्या सुमंगल वस्त्रालयात लाकडी पेटीतून एक चकचकीत यंत्र निघालं, तेव्हा सगळ्यांना आधी वाटलं की शिलाईचं नवं मशीन आलं. मग त्याच्या नळ्या दिसल्या, घड्याळासारखी तबकडी दिसली, आणि पॅन्टपीसच्या विभागातला राजन्ना म्हणाला, "हे तं दवाखान्यातलं दिसून राह्यलं."

"कॉफीचं आहे," अमर म्हणाला.

अमर म्हणजे दुकानाचा तरुण मालक. काही वर्षं हैदराबादला नोकरी करून तो गावी परतला होता आणि वडिलांचं दुकान आता तोच पाहत होता. दुकानाच्या तळमजल्यावर, आरशांच्या बाजूला, त्याला कॉफीचा कोपरा करायचा होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. लग्नाच्या बस्त्याला गाडी भरून माणसं येतात. त्यातली अर्धी साड्या पाहतात आणि अर्धी जांभया देतात. जांभया देणाऱ्यांना खाली बसवून कॉफी पाजली तर साड्या पाहणाऱ्यांच्या मागे "चला आता, चला आता" अशी घाई कोणी करणार नाही.

वरच्या मजल्यावर साड्या दाखवणाऱ्या जुन्या केशवरावांनी यंत्राला कुंकू लावलं. नारळ मात्र जरा लांब, पायरीवर फोडला. आत पाणी जायला नको.

"आता आपल्यातल्याच एकानं हे शिकायचं," अमर म्हणाला. "साड्यांचं काम येतंच आहे, कॉफीचंही आलं पाहिजे. हैदराबादला अशा माणसाला बरिस्ता म्हणतात. मीनलताई, मी तुमचं नाव धरलं आहे."

"माझं काऊन?" मीनलनं विचारलं.

"गर्दी झाली तरी तुमचा आवाज चढत नाही म्हणून. पगारही थोडा वाढेल, आणि संध्याकाळी लवकर सुट्टी. विचार करा. शनिवारी सांगा. तोवर रोज थोडं शिकून पाहा."

राजन्नानं लगेच तिचं अभिनंदन केलं. त्याचा चेहरा इतका खुलला होता की मीनलला त्याचं कारण शोधावं लागलं नाही.

कारण वरच्या मजल्यावर होतं. तिथं पांढऱ्या चादरीची लांबरुंद गादी होती. बस्त्याची माणसं त्या गादीवर लोडाला टेकून बसत आणि त्यांच्यासमोर केशवराव मांडी घालून बसत. ते एका झटक्यात साडी अशी उलगडत, की पदर अचूक नवरीच्या मांडीवर जाऊन पडे. त्या दुकानात गादीवर बसणं म्हणजे सगळ्यात वरची जागा. मीनल त्यांच्या मागे उभी राहून उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालत असे. घड्या घालता घालता ती पाहून पाहून शिकली होती. दुकान बंद व्हायच्या आधी केशवराव तिला रोज एखादी साडी फेकायला लावत. "मनगट ढिलं सोड, पोरी. साडीले जायचं असते, तू फक्त वाट दाखव."

आता केशवरावांचे गुडघे मांडीला तयार नव्हते. या हंगामानंतर दुकान सोडून बासरला मुलाकडे जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्या जागेवर कोण बसणार, हे ठरलेलं नव्हतं. गादीवर आजवर कोणी बाई बसली नव्हती. पण बसू नये असंही कोणी म्हटलं नव्हतं. मीनलनं मनात ती जागा धरून ठेवली होती. आणि लग्नाचा सगळा हंगाम ती खाली कॉफी करत राहिली, तर वर राजन्ना बसणार हे उघड होतं.

घरी तिनं सासूला, तुळजाबाईंना सांगितलं.

"साड्याच्या दुकानात कॉफी?" तुळजाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "उद्या किराण्याच्या दुकानात दाढी करतीन."

"पगार वाढते म्हनतेत, आई. अन् लवकर घरी."

"मंग घे की."

"गादी जाईल."

"मंग नको घेऊ."

"तुमी एक काईतरी सांगा ना!"

"मी काय सांगू? घरी चहा करतानी तुह्यं दूध उतू जाते. मी असती तं तुले मशीनीजवळ उभंच केलं नसतं." मग त्या म्हणाल्या, "तुले काय आवडते ते सांग आधी."

हीच तर पंचाईत होती. मीनलला यंत्रही आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं केशवरावांना विचारलं, "काका, काय करू?"

"ते मले नको विचारू," केशवराव म्हणाले. "आज तो पोरगा तुले काय शिकवते, ते मले संध्याकाळी शिकव."

"तुमाले कशाले?"

"शिकवल्याबिगर आपल्याले किती आलं ते समजत नाई."

ही त्यांची जुनी सवय होती. कापडातलं काहीही शिकवलं की ते म्हणत, आता तू मास्तर, मी पोरगा. आणि मग असे भोळे प्रश्न विचारत की मास्तरला घाम फुटे.

अमरला शिकवायचा उत्साह फार, धीर थोडा. "पूड या चमच्यात घ्यायची आणि दाबायची. फार हलकी नाही, फार जोरात नाही."

"म्हनजे किती?"

"अंदाजानं. जमेल तुम्हाला."

संध्याकाळी केशवरावांनी यंत्राजवळच्या उंच स्टुलावर बसून तोच प्रश्न विचारला. "म्हनजे किती?"

मीनल म्हणाली, "अंदाजानं."

"अंदाज माह्याजवळ नाई ना, पोरी. तुह्याजवळ आहे. मले कसा देशील?"

मीनलनं डोळे मिटून हाताला विचारलं. "नारळाच्या वड्या थापतो ना काका ताटात? वरून गुळगुळीत व्हाव्या, पन खाली चिकटू नये. तेवढं."

केशवरावांनी पूड थापली. कॉफी खाली आली ती मधासारखी, बारीक धारेनं.

त्याच्या पुढच्या दिवशी दुधाचा धडा होता. वाफेची नळी दुधात धरली की आधी कापड फाडल्यासारखा आवाज यायला हवा, मग नळी खाली न्यायची, असं अमरनं सांगितलं होतं. केशवरावांनी हे ऐकलं आणि गंभीरपणे विचारलं, "कोनतं कापड? मलमल का मांजरपाट?"

मीनल हसली; पण सकाळी येऊन तिनं कान देऊन ऐकलं. मांजरपाटासारखा आवाज आला की दुधाला मोठमोठे बुडबुडे येत. मलमल फाडल्यासारखा आला की फेस सायीसारखा बसे. "मलमल, काका," तिनं संध्याकाळी सांगितलं. केशवराव इतके खूश झाले की त्यांनी लागोपाठ दोन भांडी दूध फेसाळलं आणि दोन्ही राजन्नाला पाजलं.

अशानं आठवडा गेला. यंत्र हाताखाली आलं, पण निर्णय येईना.

शनिवार उजाडला आणि दुकानासमोर दोन जीप येऊन थांबल्या. एकीत तलमडुगुचे वामनराव आणि कौशल्याबाई, म्हणजे मुलाकडचे. दुसरीत नार्नूरचे भगवंतराव आणि गयाबाई, म्हणजे मुलीकडचे. त्यांच्यासोबत नवरी पूनम, आणि मागून दोन्हीकडचा गोतावळा. नवरदेव पंढरी तिसऱ्या गाडीत डिझेल भरायला वाटेत थांबला होता, तो मागून येणार होता.

माणसं वर गेली. नवरीचा शालू मुलाकडच्यांनी घ्यायचा, म्हणून तो कौशल्याबाईंनी निवडायचा होता. केशवरावांनी साड्या फेकायला सुरुवात केली. मीनल खाली यंत्राजवळ उभी होती, तरी तिचे कान वरच होते.

"हा नको." कौशल्याबाईंचा आवाज.

"मंग हा पाहा, काकू."

"हा तं नकोच."

थोड्या वेळानं कौशल्याबाई, त्यांची जाऊ रुक्माबाई आणि विहीण गयाबाई अशा तिघी जिना उतरून खाली आल्या. तिघींची तोंडं तीन दिशांना होती. शालू जमत नव्हता. वर पुरुषमंडळी लोडाला टेकून जांभया देत होती. अमरची योजना आता कामाला लागणार होती.

"या, काकू," मीनल म्हणाली. "काय देऊ?"

"मले काई नको," कौशल्याबाई म्हणाल्या. "ह्याह्यले एक दे. साखर बिलकुल नको, डॉक्टरनं मना केली आहे. काळीच दे."

"आमच्या ह्याह्यले दुधाची," रुक्माबाई म्हणाल्या.

"अन् ह्याह्यले दुधाची, साखर घालून, वरून ते चॉकलेट," गयाबाई म्हणाल्या. "त्याह्यले गोड लागते."

अमरनं बजावून ठेवलं होतं की प्रत्येक कपावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं. हैदराबादला असंच करतात. मीनलनं पेन उचललं. "नाव काय लिहू?"

गयाबाईंनी पदर सावरला. कौशल्याबाईंनी छताकडे पाहिलं.

मीनलला कळलं. ती स्वतः तरी नवऱ्याला कुठं नावानं हाक मारत होती? घरात, दारात, फोनवरही 'हे' म्हणूनच काम चालत होतं. मग तिनं जे घरी केलं असतं तेच इथं केलं. तिन्ही कपांवर सुबक अक्षरात लिहिलं, 'हे'.

कप भरले, झाकणं बसली, आणि राजन्ना ते तबकात घेऊन वर गेला.

थोड्याच वेळात वरून भगवंतरावांचा आवाज आला. "हे काय हाय? मुलीकडच्याले कडू पाजून राह्यले? शालूत काटकसर, कॉफीत काटकसर! गये, गाडी काढाले सांग. नाई करायचा इथं बस्ता!"

मीनलच्या हातातलं भांडं ओट्यावर आपटलं. अमर दाराकडून धावला. मुलीकडचे रुसून निघाले की बस्ता मोडतो, आणि बस्ता मोडला की दोन्ही गावांत वर्षभर दुकानाचं नाव निघतं. मीनल पदर खोचून जिना चढली. तिच्या मागे तिघी बायका.

भगवंतराव उभे होते, ओठ अजून वाकडे. शेजारी रुक्माबाईंचे यजमान दुधाची कॉफी निवांत पीत होते. आणि लोडाला टेकून वामनराव कपाच्या तळाचं चॉकलेट चमच्यानं खरवडत होते.

"तुमी पेले?" कौशल्याबाई ओरडल्या. "साखरेची? सगळी?"

"कपावर 'हे' लिहिलं होतं," वामनराव शांतपणे म्हणाले. "घरात मीच 'हे' आहे ना?"

"मंग मी कोन हाय?" भगवंतरावांनी आपला कप पुढे केला. त्यावरही 'हे'च होतं.

"चूक माझी आहे, काका," मीनल म्हणाली. "कडवी कॉफी तलमडुगुच्या काकांची होती. तुमची गोड होती. नावं कोनी सांगेना, तं मी सगळ्याह्यले 'हे' करून टाकलं."

गादीच्या टोकाला पूनम बसली होती. ती आधी हसली. तिनं तोंडावर रुमाल धरला, पण खांदे हलत होते. मग रुक्माबाईंचे यजमान हसले. भगवंतरावांनी कपाळाला आठी घालून पाहिलं, ती टिकली नाही.

"म्हनजे माही कॉफी याह्यनं पेली?"

"चांगली होती," वामनराव म्हणाले.

"खाली चला, दुसरी करते," मीनल बायकांना म्हणाली. "पन या टायमाले नाव घ्या लागन."

"असं कोरडं नाव घेत असतेत का?" कौशल्याबाई म्हणाल्या.

"मंग ओलं घ्या. उखाण्यात."

आता पूनमही उठली. खाली यंत्रासमोर बायकांचा घोळका जमला. मॅचिंग ब्लाउज पाहायला आलेल्या दोन तेलुगू मुलीही काय चाललंय ते पाहायला थांबल्या. पहिला मान गयाबाईंचा, कारण त्यांच्याच यजमानांचं तोंड कडू झालं होतं. त्यांनी घसा साफ केला.

"काळ्या रानात फुटलं कापसाचं बोंड,
भगवंतरावांची कॉफी करा, गोड होऊ द्या तोंड!"

मीनलनं कपावर लिहिलं, 'भगवंतराव', आणि त्यात आधी साखर घालून ठेवली. जिन्यावरून भगवंतराव वाकून पाहत होते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"पूनम, तूही घे," रुक्माबाईंनी चिमटा काढला. "पंढरी येईलच आता."

पूनमनं मीनलकडे पाहिलं आणि सरळ सांगितलं, "पंढरी. साखर कमी."

"अगं बया!" गयाबाई किंचाळल्या. "काई लाज?"

"लग्न झाल्यावर लाजीन, आई. आता तं कॉफी थंडी होईल."

हशा विरला तेव्हा कौशल्याबाई पुढे आल्या. त्यांनी पदर नीट केला, यंत्राकडे देवाकडे पाहावं तसं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या,

"डाळिंबी शालूला रुंद जरीचा काठ,
मी उभी रांगेत, वामनराव वर पाह्यतेत वाट."

मीनलचं पेन 'वा'वर थांबलं. सकाळपासून वरून तिला राणी, मोरपंखी, हळदी, फिका गुलाबी, सगळे रंग ऐकू आले होते. डाळिंबी कुठं ऐकू आला नव्हता.

"काकू," तिनं विचारलं, "तुमचा शालू डाळिंबी होता?"

"होता. अजून पेटीत आहे. पन आताच्या पोरीले तो रंग चालत नाई."

"मले कोनी दाखवला?" पूनम म्हणाली.

"तू त्या फिक्या गुलाबीले हात लावून बसली होती ना."

"तो तं आईनं माह्या मांडीवर ठेवला म्हनून!"

"मी ठेवला," गयाबाई म्हणाल्या, "मले वाटलं विहीणबाईले फिकाच पायजे. त्या समद्याले नको म्हनून राह्यल्या होत्या."

मग कौशल्याबाईंनी मीनलचा दंडच धरला. "पोरी, तू चाल वर. तूच दाखव डाळिंबी. वरच्या काकाह्यचं फेकनं चांगलं आहे, पन त्याह्यच्यासमोर माह्या तोंडून निघत नव्हतं."

"मी कशी येऊ, काकू? मशीन कोन पाह्यल?"

"मी पाह्यतो," जिन्यावरून आवाज आला.

केशवराव कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. खाली येऊन त्यांनी खुंटीवरचा एप्रन घेतला, मागे गाठ मारली आणि उंच स्टुलावर बसले. अमर काही बोलायच्या आत त्यांनी पूड चमच्यात घेतली, थापली, दुधात नळी धरली. दुकानभर मलमल फाटल्याचा आवाज झाला.

"काका?" अमर म्हणाला. "तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

"आमच्या मास्तरनं." केशवरावांनी हनुवटीनं मीनलकडे खूण केली. "तू जा, पोरी. डाळिंबी मधल्या फळीवर आहेत. मनगट ढिलं सोड."

मीनल गादीवर बसली. केशवरावांची जागा अजून ऊबदार होती. तिनं मधल्या फळीवरून शालू काढला, मनगट ढिलं सोडलं आणि फेकला. तो जरा जास्तच ढिला सुटला. पदर नवरीला ओलांडून वामनरावांच्या डोक्यावर जाऊन पडला.

"मले शोभते का?" पदराखालून वामनरावांनी विचारलं.

दुसरा शालू पूनमच्या मांडीवर पडला, अगदी नेमका. डाळिंबी, आणि काठ बोटभर नाही, चांगला तळहाताएवढा. पूनमनं तो गालाला लावला. कौशल्याबाईंनी पर्समधून हळदकुंकवाची डबी काढली. हे निवडलं याची ती खूण. मग मामीच्या, आत्याच्या, मावशीच्या साड्या निघाल्या आणि दुपार कशी गेली ते कोणालाच कळलं नाही.

संध्याकाळी जीप गेल्या. अमरनं मीनलला बोलावलं. "शनिवार संपत आला, ताई."

मीनलनं सकाळपासून याचा विचार केला नव्हता, आणि म्हणूनच बहुधा उत्तर तयार होतं. "कॉफी शिकते, दादा, पुरती शिकते. पन हंगामात बस्ता आला की मी गादीवर. तेवा मशीन काकाह्यकडे. त्याह्यले खाली बसनं होत नाई, स्टुलावर होते. हंगाम सरला की मी खाली. अन् राजन्नालेही शिकवू, तो लई दूध पेला आहे या पायी."

"पण काका तर बासरला चालले."

"पोराले फोन केला आहे," केशवराव स्टुलावरून म्हणाले. "म्हटलं, गुडघे तेच आहेत, पन नोकरी बदलली."

अमर हसला. "मग गादी तुमची, ताई. पण वामनरावांच्या डोक्यावर साडी पुन्हा नको."

दाराशी मोटारसायकल थांबली. मीनलचा नवरा जिनिंग मिलमधून तिला घ्यायला आला होता. केसांत कापसाचे तंतू अडकलेले. मीनल यंत्राजवळ गेली. "काका, एक दुधाची द्या. ह्याह्यच्यासाठी."

केशवरावांनी पेन उचललं. "नाव?"

"तुमाले मालूम नाई का, काका?"

"माहित असून काय करू? सकाळी 'हे' लिहून केवढा घोटाळा झाला. घे, घे."

राजन्ना काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला. अमरही थांबला. मीनलनं इकडेतिकडे पाहिलं आणि एका दमात म्हणून टाकलं,

"वर साड्यांची रास, खाली कॉफीचा वास,
पियुषरावांची बायको दोन्हीकडं पास!"

केशवरावांनी मोठ्या अक्षरात 'पियुष' लिहिलं आणि कप तिच्या हातात दिला. बाहेर तिनं तो नवऱ्याला दिला. त्यानं आधी कपावरचं नाव वाचलं, मग तिच्याकडे पाहिलं. मग एक घोट घेतला आणि त्याचे ओठ भगवंतरावांसारखे वाकडे झाले.

"यात साखर कुठं आहे?"

मीनलनं काचेतून आत पाहिलं. केशवराव स्टुलावर बसून समाधानानं यंत्र पुसत होते. साखर कधी घालायची, ते तिनं त्यांना सांगितलंच नव्हतं.

"उद्या शिकवते त्याह्यले," ती म्हणाली आणि गाडीवर बसली.